उपदेशकांचं चुका सांगायचं मंडळ

तिसगाव, ३ जुलै १९७२
इतक्या उशिरा लिहायला बसलो, याबद्दल माझी मीच क्षमा मागतो. उजवा हात सुजला होता. दोष कारभारीच्या डोक्याचा. फार टणक आहे.
पाद्रीसाहेबांनी आम्हा खेड्यांतल्या उपदेशकांचं मंडळ काढलंय. महिन्याला एकानं मंडळीपुढं उपदेश करायचा, बाकीच्यांनी प्रत्येकी एक चूक सांगायची. उलट बोलायचं नाही, 'आभारी आहे' म्हणायचं. मंडळातला उपदेशक कारभारी म्हणाला, श्रीमंतबाबा, तुमचा आवाज लई चिरका हाय. मी आभार मानले. मग हाणला. नियम मोडला नाही.

७ ऑगस्ट
निश्चय : राग कायमचा बंद. ब्लडप्रेशर आहे.
पाद्रीसाहेब म्हणाले, पुन्हा हात उचललात तर नाव कमी करीन. आसारामनं माझ्यासाठी रदबदली केली. मिशनच्या शाळेत आम्ही एका बाकावर, चौथीला नापासही बरोबरच. दुसरा मित्र मला नाही. म्हणाला, श्रीमंता, माझ्याशेजारी बसत जा, मी धरीन तुला.

१ ऑक्टोबर
उद्या माझी पाळी. विषय : दुसरा गाल. सकाळपासून आलं-गूळ चघळतोय. मन अगदी शांत. बायकोला, साळूबाईला, उगाच ताट फेकून मारलं, पण ते विषयाच्या तयारीत.

२ ऑक्टोबर
उपदेश उत्तम. मंडळी डोळे मिटून ऐकत होती.
मग आसाराम उठला. म्हणाला, श्रीमंता, मानसं दिसभर दुष्काळी कामावर खडी फोडून येत्यात, अन् तू आनखी दोन तास फोडतूस. निम्मी घोरत हुती की! सगळे हसले. मी म्हणालो, आभारी आहे.
जवळ लोखंडी स्टूल होतं. ते तिथं कुणी ठेवलं, याची चौकशी व्हायला हवी. जबड्याचं हाड मोडल्याचा आवाज झाला. तो पडल्यावरही मी मारत राहिलो. सतरंजी रक्तानं भिजली. दात कारभारीनं वेचले.

५ ऑक्टोबर
नाव कमी झालं. मंडळ आता शेवगावला भरणार. बरंच झालं, एस.टी. मला सोसत नाही.

१५ ऑक्टोबर
नगरच्या दवाखान्यात दूध घेऊन गेलो. आसारामचा जबडा तारेनं बांधलाय. मला पाहताच त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. डोळ्यांवर ऊन येत असावं.
त्या खोलीला खिडकी नव्हती.
रंगुबाई, त्याची बायको, म्हणाली, आता काय मोडायचं ऱ्हायलंय, भावजी? दूध तिनं घेतलं नाही. मी दाराबाहेरूनच सांगून आलो : तो बोलायला लागला की लगेच निरोप धाडा. वाईटसाईट बोलला तरी धाडा. मी घरीच आहे. लवकर धाडा.