बिनमातीचा गहू

२१ सप्टेंबर, रविवार
मायक्रोग्रीन्स, म्हणजे हॉटेलवाले सॅलडवर घालतात ती कोवळी रोपं, प्रोजेक्ट सुरू. माती नाही, प्लास्टिक नाही. माळ्यावर बांबूच्या दोन टोपल्या सापडल्या. तळाला देवळातून आणलेल्या नारळाच्या शेंड्या, वर पंकजाच्या जुन्या सुती साडीचे तुकडे. कापताना हात थांबला. कात्री बोथट होती.
भिजवलेले गहू पसरले. अंधार हवा म्हणून टोपल्या देवघरापाशी. भंडारदऱ्याच्या एका रिसॉर्टचा मॅनेजर करण म्हणाला, २९ला सॅम्पल द्या, आवडलं तर दर आठवड्याला घेऊ.
रविराजचा पुण्याहून फोन. आई जाऊन तीन महिने झाले बाबा, संगमनेरचं घर बंद करा, इकडं या. म्हटलं, धंद्याच्या माणसाला असं घर सोडता येत नाही. दसऱ्याला येऊन बघ.
उद्यापासून पहाटे पाचला उठणार. पाणी मीच फवारणार.

२३ सप्टेंबर, सकाळी ९.१०
अलार्म वाजला नसावा. फवारायला गेलो तर गहू ओलेच. काय मॉइश्चर धरतं हे कापड! मात्र पिवळा डाग दिसला. बुरशी. यूट्यूबवर अशी बुरशी कुठंच नाही. वास हळदीचा.

२४ सप्टेंबर, ८.४०
टोपलीवर कारळ्याच्या फुलांची माळ! दूध संघाच्या लॅबमध्ये तीस वर्षं काढली मी, भूतबीत मानत नाही. वाऱ्यानं आली असेल. खिडकी बंद होती. बंद करायच्या आधी आली असेल.

२५ सप्टेंबर
आणखी एक माळ. पंकजा नवरात्रात अश्शाच करायची. गाठही तिचीच. म्हणजे ती दोन गाठी मारायची, ही एकच आहे. घाईत असेल.

२७ सप्टेंबर
पंकजाशी बोललो. केवळ टेस्ट म्हणून. विचारलं, गॅसचं पुस्तक कुठं ठेवलंस? उत्तर नाही. जिवंतपणीही द्यायची नाही, शोधा म्हणायची. शोधलं. पिठाच्या डब्यामागं सापडलं. अंगावर काटा आला.
शेजारच्या छबूबाई अंगणात दिसल्या. माझ्याकडं बघून गालातल्या गालात हसल्या आणि ओठांवर बोट ठेवलं. बाईंनाही ती दिसलेली आहे.

२९ सप्टेंबर
कापणी. गहू वीतभर, हिरवागार. कात्री घेऊन बसलो. तिनं वाढवलेलं तिला न विचारता कसं कापायचं? करणला कळवलं, क्वालिटी अजून सेट होतेय, दसऱ्यानंतर देतो. म्हणाला, मग राहू द्या. गरज त्याला होती.
दोन कप चहा केला. दोन्ही मीच प्यायलो, वाया कशाला घालवा.

१ ऑक्टोबर
उद्या चारला रविराज येणार. ठाम सांगणार, येत नाही. तुझी आई इथं आहे, हे मात्र सांगणार नाही.
पहाटे पाचला उठून तिला गाठणार. काय बोलायचं ते लिहून ठेवलंय. दवाखान्यात मी खाली चहाला गेलो तेवढ्यात तू गेलीस. दहा मिनिटं थांबली असतीस तर काय बिघडलं असतं?

२ ऑक्टोबर, दसरा
खरंच उठलो. मागच्या दारात पावलं वाजली. अंधारात पदर दिसला. पंकजा, अशी हाक मारली. छबूबाई होत्या. हातात तांब्या आणि माळ.
दचकल्याच. मग म्हणाल्या, उठला का भावजी आज तरी? वरीस व्हायच्या आत तुमी घट बसवला, लोक नावं ठेवतील म्हनून मी कुनाला बोलले न्हाई. वयनीचा लई जीव हुता घटावर. तुमी रोज घोरत पडलेले, मागल्या दाराला कडी बी न्हाई, मग मीच पानी घातलं, हळद वाहिली, माळ बांधली.
त्यांनी गव्हाचा तुरा उपटून माझ्या कानावर खोवला. भूत नाही हे मी पहिल्यापासून म्हणत होतो. मी बरोबर होतो. फार वाईट वाटलं.

दुपारी ४.०५
रविराज आला. त्यानं काही विचारायच्या आत मीच म्हटलं, चल. इथं कुणी नाही.