संदीपची जामीनकी

पाचोरा, मंगळवार, सांजवेळ

फौजेतून नातवाचा, संदीपचा, फोन. "आबा, तुमना गुडघा कसा शे? आजीना खोकला? मायनी शुगर?" शेवटी गाईचीही तब्येत विचारली, तेव्हा मनात पाल चुकचुकली. गाईची चौकशी तो कधी करतो?

मग बोलला. मागच्या सुट्टीत मित्राच्या ट्रॅक्टरच्या कर्जाला जामीन राहिला. आपल्याकडे फौजी आला की आधी हार घालतात, मग जामिनाची सही मागतात. पगार पक्का ना! मित्राने हप्ते बंद केले. आता पतपेढीची नोटीस थेट पलटणीत जाणार.

"साहेबांना कळलं तर हवालदारकी हुकेल, आबा. सावकाराकडून काढून भरू?"

"म्हणजे डोक्यावर आणखी एक साहेब बसवशील? नोटिशीआधी तूच साहेबांना जाऊन सांग."

गाईची चौकशी... किती वेळ धीर गोळा करत होता पोरगा! बरोबर सांगितलं ना मी? बढती गेली तर सूनबाईला, त्याच्या मायला, कोणतं तोंड दाखवू? पण असं लपवून, मन इथे ठेवून, तो पहाऱ्यावर उभा कसा राहील?

फोन ठेवताना एवढंच म्हणालो, "साहेब रागावोत की सांभाळून घेवोत, सांगून झालं की लगेच कळव, बाळा. तोवर मला घास गोड लागायचा नाही."