अर्धं पोतं बियाणं

रवि. १४ ऑक्टो. १९७३
दोन उपासना झाल्या, सातची आणि नऊची. तरी नऊला ओसरीत माणसं उभी. शब्बाथ शाळेची पोरं कडुलिंबाखाली बसवली. 'मंडळी वाढते आहे, पास्टरसाहेब,' असं जो तो हात हातात घेऊन सांगतो. मी 'देवाची कृपा' म्हणतो. आत काही हलत नाही. चार महिने झाले असतील.

नव्या दालनाच्या भिंती उभ्या आहेत, वर आभाळ. पत्रे दुकानदारानं अडवून धरलेत. मिशनचं अनुदान मार्चपासून बंद. वाढलेली माणसं सगळी हातावर पोट असलेली. अर्पणाच्या थैलीचा खुळखुळाट दुप्पट झालाय. नोटा तेवढ्याच.

सु.नं माझ्या चहात दूध घालणं कमी केलंय. मला कळलं नाही असं तिला वाटतं. माझा पगार सप्टेंबरचाही बाकी आहे.

मंगळ. १६
कमिटी. खजिनदार सोनटक्के मास्तर शाळेतून निवृत्त झाले, पण छडी अजून हातात असल्यासारखे बोलतात. 'पत्रे सोडवायचे तर हंगामाचा रविवार जोरात झाला पाहिजे. अर्पणात आलेल्या धान्याचा लिलाव तुम्हीच करा. तुमच्या तोंडी पाच रुपयांचा भोपळा वीसला जातो.'

सगळे हसले. मीही. अकरा वर्षांत माझ्या प्रवचनाबद्दल कमिटीचं कधी एकमत झालेलं नाही. लिलावाबद्दल आहे.

गुरु. १८
एस.टी.नं पारशिवनी, पुढे दोन कोस पायी. तिकडची दहा-बारा घरं या वर्षी मंडळीत आली. गिरजाबाईंच्या अंगणात प्रार्थना. बाई विधवा, दोन एकर स्वतः कसते, मुलगा नामदेव आमच्याकडे नागपुरात गिरणीत. सगळ्यांना सांगितलं, रविवारी देवळात या, आपापलं धान्य देवासमोर आणून ठेवा, प्रार्थना करू.

गिरजाबाई म्हणाल्या, 'थोडं आणाव का सगळं, जी?'
म्हटलं, 'ज्याच्या त्याच्या मनावर.'
शेवटची गाडी गाठायची होती.

रवि. २१. हंगामाचा रविवार
वेदीपुढे पाय ठेवायला जागा नाही. संत्री, कोहळे, तूर, कोंबड्या, कोणी केलेलं लोणचं. दुष्काळ नुकताच सरलाय, रेशनवर अजून ती अमेरिकेची लाल मिलो ज्वारी, तरी एवढं.

लिलावात अर्धं पोतं गहू निघाला. बन्सी जातीचा. हातात घेतला तर टपोरा, पिवळाधमक. असा गहू दोन वर्षांत कोणी पाहिला नव्हता. बोली पन्नासला सुरू झाली आणि पळत सुटली. लोंढे ठेकेदार आणि धरमपेठेतले एक डॉक्टर, दोघंच उरले. दीडशे. दोनशे. मागे बायकांच्या बाजूला गिरजाबाई उभ्या राहिल्या. हात वर केला, काहीतरी म्हणाल्या. गलक्यात ऐकू आलं नाही. लोंढे तीनशे एकला गेले. एक वार, दोन वार, तीन वार. टाळ्या.

लोंढ्यांनी दर वर्षीप्रमाणे मोठेपणानं सांगितलं, 'गहू पाळकाच्या घरी पाठवा.' रीतच आहे तशी. लिलावातलं धान्य घेणारा नेत नाही, आमच्या ओसरीत येतं. पगार कमी पडतो तो असा भरून निघतो.

पत्र्यांपुरते जमले. सोनटक्के मास्तर पहिल्यांदाच माझ्या पाठीवर थाप मारून गेले.

मंगळ. २३
सु. गहू निवडायला बसली. सूप हलवता हलवता थांबली.
'अहो, याले राख लावलेली आहे.'
'किडीसाठी असेल.'
'खायच्या गव्हाले कोणी राख लावते का? मी काटोलची आहे, मले नका शिकवू. हे बियाणं होय.'

सु.चे वडील शेतकरी. तिला कळतं. मी म्हटलं, लिलावात रीतसर घेतलेलं आहे. तिनं सूप मांडीवर टेकवलं. मग म्हणाली, 'दळू?'

घरात मिलोशिवाय काही नव्हतं. 'दळ' म्हटलं.

संध्याकाळी पोळ्या. पांढऱ्या, मऊ. मी पाच खाल्ल्या. तिनं दोन.

बुध. २४
लिहायचं तर खरं लिहावं, नाहीतर ही वही कशाला.

गिरजाबाईंचं बोलणं ऐकू आलं नाही, हे खरं. पण त्या उभ्या राहिल्या ते पाहिलं. तोंड पाहिलं. असं तोंड करून कोणी दान देत नाही. काहीतरी चुकतंय हे मला तिथेच कळलं. तेव्हा बोली दोनशे वीसवर होती. थांबलो असतो तर डॉक्टर बसले असते खाली. मी मान वळवली आणि पुरुषांच्या बाजूला बघून म्हणालो, 'अजून कोणी?'

एवढंच. लाज वाटायला हवी. वाटत नाहीये, हेच जास्त...

रवि. २८
पत्रे आले. पोरं वर चढून बघतात, त्यांना हाकलणं एक काम.

उपासनेनंतर नामदेव ओसरीत थांबला. चप्पल बाहेर काढून आत आला, तसं कोणी करत नाही आमच्याकडे.
'माय विचारून राहिली, बियाणं कधी न्यायचं जी? पेरणी तोंडावर आली.'

मी बाक दाखवला. तो बसला नाही.
'मायले वाटलं, प्रार्थना झाली का परत भेटते. आमच्याकडं पेरणीच्या पयले बी देवापुढं ठेवतेत नं, मंग घरी आणून पेरतेत. सगळे जण मूठभर नेतेत. माय म्हणे, मूठभर नेलं तं मुठीलेच आशीर्वाद भेटन. म्हणून सायकलवर सगळंच आणलं आम्ही. तिनं तुमाले आवाज देल्ला होता त्या दिवशी.'

परत न्यायचं नसतं हे मी गावात सांगितलंच नाही. आमच्यात ते सांगावं लागत नाही. तीन पिढ्यांच्या मंडळीत कोणी विचारतही नाही.
'कमिटीशी बोलतो,' म्हटलं.
'हो जी,' म्हणून गेला. रागावला असता तर बरं झालं असतं.

मंगळ. ३०
कमिटीशी बोललो. सोनटक्के मास्तर: 'देवाला दिलेलं परत देता येत नाही. आज गहू मागतील, उद्या पत्रे काढून द्या म्हणतील.' लोंढे: 'मले काय, देऊन टाका गहू. पण मंग माहे तीनशे एक मी मागू का?' हशा.

कोणीतरी म्हणालं, नव्या लोकांना आपली रीत समजत नाही, हळूहळू समजेल. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. बाई उभी राहिली होती आणि मी पाहिलं होतं, एवढं वाक्य तोंडाशी आलं. मग चिवडा आला.

शुक्र. २ नोव्हें.
सकाळी एक दफन. दुपारी एक साखरपुडा. दोन्हीकडे एकाच आवाजात बोललो. कोणाच्या लक्षात आलं नाही.

रवि. ४
पारशिवनीकडचं कोणी आलं नाही. मागच्या दोन रांगा रिकाम्या. सोनटक्के म्हणाले, पेरणीचे दिवस आहेत.

रवि. ११
आजही नाही. नव्या दालनावर पत्रे चढले, आत बाकं लावली, आणि ओसरीतली माणसं आत येऊन बसली तरी जागा उरली. एवढ्यासाठी सगळं केलं होतं.

सु. उरलेल्या गव्हाला हात लावत नाही. मिलोच्या भाकरी करते. 'तुमी जाणार का मी जाऊ गिरजाबाईकडं?' आज तिनं आवाज चढवला. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, आवाज चढवायची ही तिसरी वेळ असेल.

गुरु. १५
गेलो. उरलेलं बियाणं, निम्म्याहून थोडं कमी. जेवढं दळलं तेवढ्याचा बाजारातून गहू घेतला, सु.नं तिच्या पाटलीचं काय केलं ते मी विचारलं नाही. एस.टी.च्या टपावर दोन्ही थैल्या, पुढे एका बैलगाडीवाल्याला दया आली.

गिरजाबाई शेतात होत्या. जमीन वखरून तयार, काळीभोर. कोरडी पडत चालली होती. त्यांनी दोन्ही थैल्यांत हात घातला. एक बाजूला ठेवली. दुसरी, बाजारच्या गव्हाची, परत माझ्याकडे सरकवली.
'हे नेऊन टाका जी. हे बियाणं नोहे, हा गहू आहे.'

'गहूच तर...'
'मालक गेले त्याच्या आधीपासूनचं बी होतं ते. दुष्काळात उपाशी राह्यलो, पण त्याले हात नाई लावला. पोराईले मिलो चारली. तुमी खाल्लं का त्यातलं?'

'खाल्लं.'
'गोड लागलं असन.'
ती चेष्टा नव्हती. खरंच विचारत होत्या. 'हो' म्हटलं.

मग मी सांगितलं. तुम्ही उभ्या राहिलात ते मी पाहिलं होतं, बाई. पाहून बोली चालू ठेवली. हे बोलायला मी महिनाभर घेतला होता आणि बोललो तेव्हा एस.टी.चं वेळापत्रक सांगावं तसा आवाज निघाला.

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. 'मले सांगून काय फायदा? मले तं माहीतच आहे. तुमी पाहून तोंड फिरवलं ते म्या पाह्यलं नाई का? ज्याईले माहीत नाई त्याईले सांगा. तिथं समदे मले हसले, का म्हातारी दान देऊन परत मांगते. माह्या पोराले गिरणीत म्हणतेत, तुही माय देवापासून वापस घेते का रे.'

हे मला माहीत नव्हतं. नामदेव बोलला नाही.

एक एकर पेरते म्हणाल्या, दुसरं पडीक. चहा दिला, गुळाचा. प्यायलो. उठताना विचारलं, रविवारी याल का? 'पाहू,' म्हणाल्या. मंडळीतून जाणारी माणसं असंच म्हणतात.

शनि. १७
सोनटक्के मास्तर घरी आले. मी गिरजाबाईंकडे जाऊन आल्याचं सु.नं सांगितलं असावं, किंवा एस.टी. स्टँडवर कोणी पाहिलं असावं.
'उद्या वेदीवरून काही बोलू नका. नाताळ पुढ्यात आहे, वर्गण्या यायच्या आहेत. पाळकच असं म्हणायला लागला तर लोक पुढच्या वर्षी लिलावात हात वर करतील का? तुमचा थकलेला पगारही त्यातूनच द्यायचा आहे, विसरू नका.'

धमकी नव्हती. माणूस खरंच काळजीत होता. हिशेब त्यालाच द्यावा लागतो, झोपही त्याचीच जाते. मला त्याच्याबद्दल वाईट वाटलं. बऱ्याच दिवसांनी कोणाबद्दल काही वाटलं, तेही याच्याबद्दल.

सु.ला विचारलं, बदली केली तर कुठे जायला आवडेल? ती म्हणाली, 'पयले बोलून तं घ्या. मंग सामान बांधू.'

रवि. १८
जाहीर सूचना वाचल्या. तरुण संघाची सभा, महिला मंडळाची शिवणाची वेळ, गुरुवारची प्रार्थना कोणाच्या घरी. मग कागद घडी करून ठेवला. म्हणालो, 'हंगामाच्या रविवारी लिलाव चालू असताना एक बाई उभ्या राहिल्या होत्या...'

सोनटक्के मास्तर उठले आणि मोठ्यानं गीताचा नंबर सांगितला. पेटीवाल्यानं माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, आणि भाता दाबला. मंडळी उभी राहिली. पाचही कडवी म्हटली. मी म्हटलं नाही. उभा राहिलो. सु. पुढच्या बाकावर, तिचंही तोंड बंद.

गीत संपलं, लोक बसले. मी तिथूनच पुढे सुरुवात केली. गहू दान नव्हता, बियाणं होतं. मी धान्य आणा म्हणून सांगितलं, परत मिळत नाही हे सांगितलं नाही. बाई थांबवायला उभ्या राहिल्या, मी पाहिलं, आणि बोली चढत होती म्हणून तोंड फिरवलं. त्यांनी काही परत मागितलेलं नाही, त्यांचं होतं ते आपण घेतलं. आणि मी घरी नेऊन खाल्लं. झालं. दोन मिनिटंही लागली नसतील.

मोकळं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. अर्पणाची थैली फिरली, आशीर्वाद दिला.

दारात उभा राहिलो नेहमीसारखा. लोंढे मागच्या दारानं गेले. सोनटक्के मास्तरांनी सलाम केला, बुधवारी तातडीची कमिटी आहे म्हणाले, हात दिला नाही. बाकीचे कोणी खाली बघून, कोणी हवापाण्याचं बोलून गेले. एक म्हातारी हात धरून उभी राहिली, पण ती सगळ्यांचाच धरते, तिला ऐकू येत नाही.

शेवटी नामदेव. आज एकटाच आला होता. चप्पल पायातच होती.
'आज मी दोनच्या गाडीनं गावले चाललो. मायले सांगू का जी, तुमी बोलले म्हणून?'
'सांग.'
'ते विचारन, लोक काय म्हणाले? काय सांगू?'

अंगणात माणसं घोळक्या-घोळक्यानं उभी होती. सगळे एकमेकांशी बोलत होते, आमच्याकडे कोणी बघत नव्हतं.
म्हटलं, 'अजून कोणी काही म्हणालं नाही, असं सांग.'