सुईचा धनी

३ फेब्रुवारी

कचरा न्यायला येणाऱ्या मावशींच्या बोटात सुई गेली! आमच्याच इमारतीचा कचरा वेगळा करताना. इंजेक्शनची सुई, कागदात गुंडाळून सुक्या कचऱ्यात टाकलेली. दोन वर्षं घसा फोडून सांगते आहे — सुई, काच जाड डब्यात घाला, वर लाल खूण करा. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, सुई कोणाची ते कळलं, त्याचं रक्त तपासता आलं, तर बरं. नाहीतर सहा महिने जीव टांगणीला.

सुरुवातीला घरोघरी फिरणारे आम्ही सहा जण होतो. आता उरले मी आणि माझ्या हातातला भोंगा.

५ फेब्रुवारी

अंगणात सभा घेतली. बोलले, आणि चांगलं बोलले. "सुईचा धनी समोर येत नाही, तोवर या इमारतीत एक भेकड राहतो असंच मी म्हणणार!" टाळ्या पडल्या. पुढे कोणीच आलं नाही. तळमजल्यावरचे शिंपीकाका जाताना म्हणाले, "झकास बोलतेस. वकील हो." मावशी मान खाली घालून बसल्या होत्या. तेच वाक्य कागदावर लिहून फाटकावर लावलं.

खुर्च्या एकटीनेच उचलल्या.

जेवताना बाबांनी विचारलं, कशी झाली सभा? म्हटलं, फाटकावर वाचा.

"वाचलं," म्हणाले.

७ फेब्रुवारी

शाळेत मुलांना दाखवायला जुन्या बॅटऱ्या हव्या होत्या. बाबांचा खण उघडला. इन्सुलिन. सुयांची पेटी, अर्धी रिकामी. डॉक्टरांची चिठ्ठी आठ महिन्यांपूर्वीची.

आठ महिने. या घरात राहतो आम्ही दोघंच. माणसांच्या बेपर्वाईवर मी कपाटभर पुस्तकं वाचली आहेत.

आता हे मावशींना सांगायला हवं. आजच. पण मग पुढच्या सभेत माझं कोण ऐकेल?

८ फेब्रुवारी

गप्प राहिले. दिवसभर.

९ फेब्रुवारी

सकाळी कचऱ्याच्या गाडीपाशी मावशींना गाठलं. एका दमात सांगून टाकलं — सुई आमच्या घरची, बाबांची.

त्या पिशवी बांधत होत्या. "ठाऊक आहे. घराघराचा कचरा ओळखते मी. तुझे बाबा दुसऱ्याच दिवशी आले माझ्याबरोबर दवाखान्यात. रक्त दिलं. काही निघालं नाही, घाबरू नकोस."

मला का नाही सांगितलं?

"ते म्हणाले, आत्ता नको. उद्या तिचं भाषण आहे."

दोघं रोज सकाळी जिन्यात बोलतात म्हणे. साखरेबद्दल, पायांना येणाऱ्या मुंग्यांबद्दल. माझ्याबद्दल.