तुझ्या पाठीमागून शिवनीपर्यंत

प्रिय दादा,

शिवनीच्या धर्मशाळेत बसून लिहितेय. वहिनी केस धुऊन उन्हात बसलीय. हो, तुझीच बायको! नागपूरहून दोन दिवस सायकल चालवत आलीय ती, माझ्याबरोबर. तू गेल्यापासून वर्षभर घराबाहेर पडत नव्हती. शेवटी मीच म्हटलं, ज्या रस्त्याच्या गप्पांनी दादानं तुझं डोकं खाल्लं, तो एकदा बघून तरी घे.

तुझ्या सायकलचा दांडा तिला साडीत जमेना, म्हणून ती माझ्या लेडीज सायकलवर आणि मी तुझ्या. सीट काही केल्या खाली होईना. किती घट्ट आवळून ठेवलीस रे!

रस्ता तसाच आहे. कन्हान ओलांडली की कापलेल्या धानाची शेतं, बांधावर पिवळी तूर. मनसरला खाणीचे काळे ढिगारे. मग देवलापार आणि दोन्ही बाजूंनी सागवान.

आपण दोघं सायकलनं आलो तेव्हा मी कॉलेजात होते. त्या वेळी येताना मी काय पाहिलं, सांगू? तुझी पाठ! निळा स्वेटर आणि त्याचा उसवलेला खांदा. मलाही पुढे येऊ दे म्हणून कितीदा ओरडले. तू मागे न बघता म्हणायचास, "मले नजारा पाहू दे न वं. तू राह्य मांगंच." आपमतलबी म्हणाले मी तुला. परतताना मात्र शिवनीतून निघतानाच थांबलास. "जाय आता पुढे. माह्यं पाहून झालं." मला वाटलं, भरलं एकदाचं साहेबांचं पोट!

परवा मनसर सोडलं आणि समोरून वारा सुरू झाला. थंड, बोचरा, पायडल मारू देईना. वहिनीला दम लागला. मी पुढे झाले आणि तिला म्हटलं, माझ्या चाकाला चिकटून ये. थोड्या वेळात माझ्या पाठीच्या आडोशाला तिचा दम ओसरला आणि सगळा वारा अंगावर घेऊन मला धाप लागली. सागवान कसला दिसतोय! मान खाली, नजर चाकापुढच्या रस्त्यावर.

तेव्हा कळलं. नजारा तूही पाहिला नव्हतास, दादा.

रडले मी. वाऱ्यानं डोळ्यांत पाणी होतंच, वहिनीला काही कळलं नाही. तुझा रागही आला. एका शब्दानं सांगायचं नाही? आळीपाळीनं पुढे आले असते ना मी! की म्हणूनच बोलला नाहीस?

मागून वहिनीची कटकट सुरू झाली होती. "बेबीताई, मले काय दिसून राहिलं? नुसती तुमची पाठ! येऊ द्या न पुढे."

"मले नजारा पाहू दे न, वहिनी," मी म्हटलं. मागे वळून बघितलं नाही.

उद्या सकाळी परत निघतोय. वारा पाठीमागून असेल आणि कुरईचा घाट उताराचा. वहिनीला पुढे घालीन. तुझा सगळा रस्ता तिला मोकळा दिसेल, हा माझा शब्द. वाऱ्याचं मात्र तिला कधी सांगणार नाही. काहून म्हणून विचारलंच, तर म्हणेन, माह्यं पाहून झालं.

तुझी,
बेबी