आत पडणारा पाय आणि हलके बूट

सर,

आज राजारामपुरीत बुटांच्या दुकानात उभा होतो आणि तळपायाला घाम सुटला. समोर दोन जोड. एक माझ्या रोजच्यासारखा, जाड, आतल्या बाजूला टणक पट्टी असलेला. पाय आत पडू देत नाही, पण पळताना वीट बांधल्यासारखा वाटतो. दुसरा शर्यतीचा, इतका हलका की खोकं रिकामंच दिलंय की काय असं वाटलं. आयतवारी एका साखर कारखान्याच्या पळणाऱ्यांच्या संघाची निवड आहे, शर्यत लावून. पहिल्या काही जणांना संघात घेणार, आणि संघात आला की कारखान्यात नोकरी. जाड बुटात मी मागं पडतो, करून बघितलंय. आणि हलक्या बुटात माझं काय झालं ते तुमच्याएवढं कुणालाच ठाऊक नाही. नडगीचं हाड त्याच जागी परत चिरलं तर सळी घालायची, मग पळणं विसरायचं, असं डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलंय. म्हणून एक जोड उचलतो, ठेवतो, दुसरा उचलतो. शेवटी दुकानदार म्हणाला, "पावणं, हात लावून लावूनच झिजवतायसा की बूट."

"घेतो की. जरा दम धरा."

"मी धरतो. तुमचा दम टिकतोय का बघा."

माझा पाय तुम्ही पहिल्यांदा बघितला तो शाळेच्या नळावर. पाय धुऊन पोरं ओट्यावर चढायची. सगळ्यांच्या ओल्या ठशाला मध्ये कंबर असायची, माझा ठसा सपाट, थापलेल्या भाकरीसारखा. "पाय हाय का पोळपाट?" म्हणून तुम्ही हसला होता. दुसऱ्या दिवशी हसला नाहीत. सायकल घेऊन माझ्या मागं आलात, मैदानाला फेऱ्यावर फेऱ्या, नजर माझ्या टाचांवर. "टाच आत पडतीया रं तुझी. तुला न्हाय दिसायची, मागनं मला दिसती." तेव्हापासून ही भीती आहे. आपल्याच अंगातली एक गोष्ट मागच्याला दिसते आणि आपल्याला दिसत नाही. नंतर मी किती गावं हिंडलो, ट्रकवर क्लीनर होतो, बेळगावात हॉटेलात टेबलं पुसली, पेठ वडगावात मांडव घातले, आणि जाईल तिथं लोकांच्या टाचाच बघत बसलो. एकदा एका लग्नात नवरदेवाचं पायताण आतल्या अंगानं झिजलेलं दिसलं आणि मला त्याचीच काळजी लागली. त्याला कशाला कुठं पळायचंय? पण असं होतं. असो, मी भरकटलो. तुम्ही असता तर 'रस्त्यावर ये' म्हणाला असता.

ते हलके बूट तुम्ही कुणाकडून तरी पुण्याहून मागवले होते. मी तुमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसलोय, काकू भाकऱ्या करतायत, आणि तुम्ही बूट पिळून बघताय. फडक्यासारखा पिळला जातो. "ह्यात तुझ्या पायाला आधारच न्हाय," म्हणता आणि उठून तुमचं जुनं पायताण घेऊन येता. रापीनं त्याचा तळ कापता, आतल्या बाजूला जाड, बाहेर पातळ, अशी पाचर. ती बुटात बसवायच्या आधी तिला तेल चोळता. आपल्याकडं नवं पायताण कोण तेल न लावता घालतो? लावलं नाही तर ते पायाला चावतं. काकू म्हणाल्या, "अवो, खायाचं त्याल हाय त्ये." तुम्ही म्हणालात, "पोराचा पाय वाचंल. दोन दिस बिनफोडणीचं खाऊ." कातडं तेल पीत राहिलं आणि तुम्ही थांबून थांबून आणखी चोळत राहिला. पाचरीखाली बुटात कातडं नाही, स्पंज आणि डिंक आहे, हे तुमच्याही डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही.

गगनबावड्याची शर्यत. चढ संपून उतार लागतो, आणि मला माझ्याच पायातून आवाज यायला लागतो, पायताण घालून पळाल्यासारखा, फटाक फटाक. तेलानं डिंक सुटलाय, तळ पुढून लोंबतोय. पाचर सरकून बाहेरच्या अंगाला गेलीय, म्हणजे जी टाच सावरायची तीच आता आत ढकलली जातेय. थांबावं असं वाटतं, पण मागं तुमची सायकल आहे आणि तुम्ही "सोडू नगंस" म्हणून ओरडताय. मग नडगीत काहीतरी गार झालं. दुखलं नंतर. आधी नुसतं गार. मी कठड्यावर बसलो. तुम्ही बूट काढला, नाकाशी नेला, वास घेतला आणि तसेच माझ्या शेजारी बसलात. तुम्हाला रागावलेलं मी शंभरदा बघितलं होतं. घाबरलेलं त्या दिवशी बघितलं. परत येताना एसटीत माझा पाय तुम्ही मांडीवर घेतला होता, आणि प्रत्येक खड्ड्याला तोंड तुमचं वाकडं व्हायचं. नंतर म्हणे तुम्ही कुठल्याच पोराच्या बुटाला हात लावला नाहीत. तुम्ही गेलात तेव्हा मी बेळगावात होतो, मला फार उशिरा कळलं. तुमचा राग मला कधीच आला नाही, सर. हे सांगायला समोरासमोर यायचं होतं.

आता बुटाचं मला थोडं कळतं, चार ठिकाणी विचारून, दोनदा फसून. आमच्यासारख्या पायाला सगळ्यात हलका बूट घ्यायचाच नाही. त्याच्या एक पायरी अलीकडचा घ्यायचा. पिळला तर मध्ये अडला पाहिजे. टाचेमागची वाटी अंगठ्यानं दाबली तर दबता कामा नये. कमानीखाली तळ अरुंद नको, आणि आतल्या बाजूचा स्पंज बाहेरच्यापेक्षा घट्ट हवा. वरून पाचर घालायची पाळीच येऊ नये. एवढं सांगितल्यावर दुकानदारानं वरच्या फळीवरून एक धुळीचं खोकं काढलं. "ह्यो कोन घेत न्हाय बघा. धड हलका न्हाय, धड जड न्हाय."

घातला. गल्लीत रिक्षांच्या मधून पळत गेलो आणि त्याला मागून बघायला सांगितलं.

"काय बघू?"

"टाचा."

"म्हशीचं पाय बघत्यात तसं?"

"तसंच बघा. पर नीट."

तो खरंच उकिडवा बसला. दोनदा पळायला लावलं मला. मग म्हणाला, "आत जाती. पन अर्ध्यावर थांबती."

अर्ध्यावर. त्याच्यापुढची खात्री कुणी देणार नाही मला. मी बूट घेतले. आता शेजारच्या दवाखान्याच्या पायरीवर बसून हे खोक्यातल्या कागदावर लिहितोय. टपालात टाकायचं नाही म्हणून बरंय, घडी घालून ठेवेन. पाय मोडला तर पुढचं मला येतं. प्लास्टर, खाट, मग एखादी गाडी पकडायची आणि दुसरं गाव. नाही मोडला आणि निवड झाली, तर रोज सकाळी एकाच गेटातून आत जायचं, वर्षानुवर्षं, तुम्ही शाळेत गेलात तसं. ते मला येत नाही.

एक सांगतो, काकूंना सांगू नका. दुकानदार उकिडवा बसून बघत होता तेव्हा मनात आलं, 'थांबत न्हाय' असं म्हणाला तर बरं होईल, आयतवारी जायला नको.