अडचणींच्या वहीची निरवानिरव

मी, भिकन सहादू पगारे, वय वर्षे अठ्ठावीस, शिक्षण आठवी पास, धंदा रेडिओ दुरुस्ती, राहणार नाशिक रोड, माझ्या मागे काय कोणाला जावे हे या कागदावर स्वतःच्या हाताने लिहून ठेवीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदय ठिकाणावर नाही, पण त्याचा लिहिण्याशी संबंध नाही. कोणी मला हे लिहायला भाग पाडलेले नाही. उलट आई म्हणाली की असले लिहून ठेवशील तर तसेच होईल, म्हणून मी दुकानात बसून लिहीत आहे. साधा कागद चालतो असे कोर्टातल्या कारकुनाने सांगितले. खात्रीसाठी मी दुसऱ्यालाही विचारले. त्यानेही तेच सांगितले.

लहानपणी मला सांधे धरून ताप आला होता, तेव्हापासून हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. येत्या एकवीस तारखेला मुंबईला शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणाले की दहांतले सात जण बरे होऊन घरी जातात. हा कागद उरलेल्या तिघांसाठी आहे.

कलम १. नाशिक रोडच्या दोन खोल्या वडिलांनी रेल्वेत खलाशी असताना बांधल्या. त्यातला माझा हिस्सा आई धोंडाबाई हिला जावा. माझ्याआधीची तिची तीन मुले गेली. मी जगावे म्हणून तिने पाच घरी पीठ मागून माझे नाव भिकन ठेवले. पुढे आमच्या घरी बुद्धवंदना आली आणि नवस सुटले, पण नाव तेच राहिले. मी गेल्यास तिला हे कोणी एकटे असताना सांगू नये. बहीण आल्यावर सांगावे.

कलम २. पोस्टाचे पुस्तकही आईलाच. माझ्या नावाने जेवण घालू नये. विहारात वंदना घ्यावी, पुरे.

कलम ३. बहीण मंगलाबाई हिला माझा स्वतःचा रेडिओ आणि शब्दकोश. शब्दकोश मी रद्दीतून घेतला असून त्याची पहिली सोळा पाने नाहीत. शाळा सुटली तरी लिहिताना चूक होऊ नये म्हणून मी तो जवळ ठेवीत असे. रेडिओचे मागचे झाकण दाजींनी उघडू नये. एकदा त्यांनी उघडले होते.

कलम ४. देवळाली कॅम्पच्या बाजारातले दुकान भाड्याचे आहे, ते मालकाला परत द्यावे. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक रेडिओला चिठ्ठी बांधलेली आहे. सैन्यातल्या लोकांच्या बदल्या होतात, म्हणून त्यांचे रेडिओ आधी पोचते करावेत. या सर्व व्यवस्थेसाठी मी अंबडच्या कारखान्यात काम करणारे माझे मित्र कारभारी सोनवणे यांना नेमतो. शेजारचे सायकलवाले गोरक्ष यांनी कुलूप लावताना हजर राहावे. गेली सहा वर्षे त्यांनी माझ्या दुकानाच्या दारात सायकली टेकवून ठेवल्या, त्याबद्दल माझी तक्रार होती. ती मी येथे सोडून देतो.

कलम ५. आता वहीबद्दल. माझी खरी मिळकत हीच आहे.

सन १९७९ मध्ये मी दुकानात एक जाड वही सुतळीने खिळ्याला बांधली आणि पुठ्ठ्यावर 'अडचणींची वही' असे लिहिले. नाशिक रोड, अंबड, कॅम्प आणि आसपासच्या खेड्यांतले दुरुस्ती करणारे माझ्यासारखेच, अर्धवट शिकलेले. एखादा रेडिओ अडला की विचारायचे कोणाला? मोठे दुकानदार सांगत नसत. म्हणून ज्याला अडचण असेल त्याने शनिवारी येऊन ती वहीत लिहावी, ज्याला ठाऊक असेल त्याने खाली उत्तर लिहावे, आणि पुढच्या शनिवारी येऊन ते घेऊन जावे, अशी रीत पडली. आज ही तिसरी वही चालू आहे.

नियम मी केले होते. एक, तोंडी उत्तर द्यायचे नाही, कारण तोंडी सांगितलेले वाटेत बदलते. दोन, लिहिलेले खोडायचे नाही. चूक आढळली तर दुरुस्ती पुढच्या कोऱ्या पानावर लिहायची. तीन, विचारण्याआधी जुनी पाने पाहायची. कोणी उत्तराऐवजी 'माझ्याकडे आणा' असे लिहून गिऱ्हाईक ओढू लागला तर त्याला महिनाभर वही बंद. रंगनाथ याला ती दोनदा बंद झाली. दोन्ही वेळा तो दारात उभा राहून म्हणाला, "भिकनशेठ, तुमचं कोर्ट कधी उठतं?" सगळे हसत. मी हसत नसे. मला वाटे की नियम चांगले आहेत. आजही वाटते की ते वाईट नव्हते. म्हणूनच पुढचे कलम लिहायला मला तीन दिवस लागले.

कलम ६. कोंडाजी थेटे हे गिरणाऱ्याजवळच्या वाडीवर शेतमजुरी करीत आणि फावल्या वेळात लोकांचे रेडिओ नीट करीत. वयाने माझ्यापेक्षा मोठे. शनिवार, ५ फेब्रुवारी १९८३ रोजी ते दोन बस बदलून दुकानात आले. एक जुना रेडिओ फार घुमतो, काय करावे, असे ते मला तोंडी विचारू लागले. मी वही दाखवली. ते म्हणाले, "दादा, लिवायला मला टाइम लागतो. तोंडानं सांगा ना." मी म्हणालो, "तोंडी उत्तर नाही." त्यांनी बाकावर बसून अकरा ओळी लिहिल्या. तेवढ्यात त्यांची एक बस गेली.

ते गेल्यावर मी त्यातल्या चार ओळी वाचल्या. घुमणाऱ्या रेडिओचा प्रश्न वर्षभरात सातव्यांदा आला होता. मी खाली लिहिले : 'पान ४१ पाहा. विचारण्याआधी वाचत जा.'

पान ४१ वर असे आहे की रेडिओ चालू असतानाच त्याच्या आतल्या पत्र्याच्या सांगाड्याला हात लावून पाहावा. घुमणे कमी झाले तर अर्थिंगची तार जोडावी. ज्यात ट्रान्सफॉर्मर आहे त्या रेडिओला हे चालते. ज्यात नाही, त्याच्या सांगाड्यात थेट घरातली वीज येऊ शकते आणि हात लावणारा मरतो. ही दुरुस्ती मी स्वतः पान ९७ वर लिहिली होती. पान ४१ वर लिहिली नव्हती, कारण माझा दुसरा नियम.

पुढच्या शनिवारी कोंडाजी आले. माझे उत्तर वाचून ते थोडे ओशाळले. त्यांनी पान ४१ काढून कागदावर उतरवून घेतले आणि विचारले, "हे माझ्या रेडिओला चालंल ना, दादा?" माझ्या हातात तापलेली सोल्डरिंगची सळई होती, म्हणजे तारांना डाग देण्याची. मी वर न पाहता म्हणालो, "लिहिलंय तसं करा."

दुसऱ्या दिवशी, रविवारी, त्या रेडिओचा शॉक बसून ते गेले. बातमी पुढच्या शनिवारी कारभारींनी आणली. दुकानात सगळे हळहळले आणि सगळे म्हणाले की बिचाऱ्याने कोणाला न विचारता हात घातला असेल. मी काही बोललो नाही. सगळे उठून गेल्यावर मी त्यांचा प्रश्न काढला आणि पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला. शेवटच्या तीन ओळी अशा आहेत : 'रेडिओ वजनाला लय हलका आहे. आत ट्रान्सफॉर्मर दिसत नाही. तरी हात लावावा की नको ते कळवावे.'

मी ते पान, क्रमांक ११२, पट्टी लावून फाडले. मागच्या बाजूला दुसऱ्या कोणाचा प्रश्न होता, तो नव्या कागदावर उतरवून डिंकाने बसवला. इतके नीट बसवले की अडीच वर्षांत कोणाच्या लक्षात आले नाही. ते पान माझ्या हत्यारांच्या पेटीत, पाकिटात आहे.

कलम ७. (हे कलम मीच रेघ मारून रद्द केले आहे, शेजारी सही केली आहे. माझी सर्व हत्यारे व मीटर कोंडाजींच्या पत्नी चिमणाबाई थेटे यांना द्यावीत, आणि पान ११२ मी गेल्यावर त्यांच्या हाती द्यावे, असे त्यात होते. कारण कलम ९ मध्ये आहे.)

कलम ८. वही यापुढे कारभारी यांनी सांभाळावी. नियम मी नव्याने लिहून देत आहे. जुन्या नियमांचे भिंतीवरचे पुठ्ठे काढून टाकावेत.

जो उत्तर देतो त्याने प्रश्न शेवटपर्यंत वाचावा आणि मग खाली 'पूर्ण वाचला' असे लिहून सही करावी. सही नसेल ते उत्तर धरू नये.

चूक जिथे आहे तिथेच, त्याच पानावर, लाल शाईने दुरुस्त करावी. पान घाण दिसले तरी चालेल.

जिथे विजेचा धोका आहे तिथे माणूस तोंडी विचारील तर तोंडी सांगावे, हातातले काम बाजूला ठेवून सांगावे, आणि मग वहीत लिहावे. तोच प्रश्न सातव्यांदा आला तरी तो विचारणाऱ्याचा पहिलाच असतो. 'वाचत जा', 'एवढेही ठाऊक नाही का' असले कोणी लिहू नये. स्वतः करून पाहिलेले असेल तेच सांगावे. ऐकीव असेल तर 'ऐकीव' असे लिहावे. ज्याला लिहायला वेळ लागतो त्याच्याकडून दुसऱ्याने लिहून घ्यावे.

रंगनाथची दुसरी बंदी अजून चालू आहे, ती उठवावी. तो थट्टा करतो, पण पाने चाळून पाहिली तेव्हा दिसले की तो प्रत्येक उत्तरात आधी विचारतो, 'ट्रान्सफॉर्मर आहे का?' असे मी कधी विचारले नाही.

कलम ९. येथवर लिहून झाल्यावर मी हा कागद कारभारींना वाचायला दिला. त्यांनी सहावे कलम दोनदा वाचले. मला वाटले ते ओरडतील. ते एवढेच म्हणाले, "हे तू गेल्यावर वाचायचं? मग त्या बाईनं भांडायचं कुणाशी?"

म्हणून रविवारी, ६ ऑक्टोबर रोजी, मी पान घेऊन गिरणाऱ्याला गेलो. चिमणाबाई एका शेतात टोमॅटो निवडून खोक्यांत भरत होत्या. मी बांधावर बसून सगळे सांगितले, काही वगळले नाही. त्यांना वाचता येत नाही, म्हणून अकरा ओळी वाचून दाखवल्या. त्यांचे हात थांबले नव्हते. शेवटच्या ओळीला थांबले.

"म्हंजी ह्यांनी इचारलं व्हतं," त्या म्हणाल्या.

मी हो म्हणालो.

"अडीच वरीस झालं. सासूपासून समदे म्हन्तेत, येड्यानं न इचारता हात घातला. मी बी तेच म्हनले. मयताच्या दिशी म्हनले, त्यांच्या तोंडावर." मी हत्यारांचे कलम सांगितले. त्यांनी ते ऐकले की नाही कळले नाही. त्यांनी विचारले की ह्या कागदावर सह्या कोणाच्या. मी म्हणालो, माझी, आणि दोन साक्षीदारांच्या.

"मी अंगठा देते."

मी सांगितले की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते, त्याला साक्षीदार होता येत नाही.

"मंग मला काय नको. खोडा ते. आन् हे पान पेटीत नका ठिवू. पयल्या पानावर लावा, ह्यांच्या नावासकट. तुमचं उत्तर बी तसंच राहू द्या, तुमच्या नावासकट."

माफ केले असे त्या म्हणाल्या नाहीत. मी तसे मागितलेही नाही. मी बसून राहिलो तेव्हा त्या पुन्हा खोक्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "जा आता. तुमची बस जाईल."

त्यांच्या सांगण्याप्रमाणे कलम ७ रद्द. हत्यारे व मीटर वहीच्या लोकांनी सामाईक वापरावीत, मालकी कोणाची नाही.

कलम १०. आज शनिवार. चिमणाबाई सकाळच्या बसने आल्या आहेत. वहीचे नऊ जण दुकानात उभे आहेत, काही बाहेर सायकलींपाशी आहेत. मी त्यांच्यासमोर पान ११२ वाचून दाखवले. कोंडाजींचा प्रश्न आणि माझे उत्तर. रंगनाथने डिंकाची बाटली आणून दिली. पान वहीच्या पहिल्या जागी लावले आहे.

मुंबईहून मी परत आलो तर आठव्यातले नियम सोडून वरची सर्व कलमे थांबतील आणि माझे माझ्याकडे राहील. हे दहावे कलम मात्र माझ्या मरणाची वाट पाहणार नाही, ते आतापासून लागू आहे : जो कोणी ही वही उघडील त्याने आधी कोंडाजी थेटे यांच्या अकराही ओळी वाचाव्यात, मग आपली अडचण लिहावी.

लिहिलेले सर्व मी पुन्हा वाचले. खाडाखोड फक्त कलम ७ मध्ये आहे, ती माझीच.

ठिकाण : देवळाली कॅम्प, नाशिक
दिनांक : १२ ऑक्टोबर १९८५

(सही) भिकन सहादू पगारे

आमच्या डोळ्यांदेखत भिकन पगारे यांनी सही केली, आणि त्यांच्यासमोर आम्ही केली :

१. (सही) गोरक्ष नामदेव कातकाडे, सायकल दुकानदार, देवळाली कॅम्प

२. चिमणाबाई कोंडाजी थेटे, शेतमजूर, राहणार गिरणाऱ्याजवळ, यांचा डाव्या हाताचा अंगठा. मजकूर सर्व वाचून दाखविला. या मृत्युपत्रातून त्यांना काहीही मिळत नाही.